मुनीमला हाक मारण्याचा हक्क

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर चालवणे, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. रोजचा जमाखर्च अजून मीच मांडते आणि तो जुळतो, यावरून बुद्धी शाबूत असल्याचे समजावे. साक्षीला डॉक्टर असावा म्हणतात, म्हणून आमच्या कुत्र्याचे, मुनीमचे, डॉक्टर बोलावले. मुलाने विचारले, "आई, जनावरांचा चालतो का?" चालतो. तपासतानाही ते कमी बोलतात.

१. राहते घर मुलाच्या आणि सुनेच्या नावे, निम्मे निम्मे. गोदाम एकट्या मुलाचे, ते तो त्याच्या वडिलांसारखेच नीट चालवतो.

२. बँकेतील ठेवीचे व्याज आधी मुनीमचे खाणे आणि औषधपाणी यांवर खर्च व्हावे, उरेल ते घरदुरुस्तीला. बाजारातला डब्यातला खाऊ आणू नये. मी ताटातल्या शेवटच्या घासाचे बारीक तुकडे करून त्याला सगळे शिकवले.

३. लोकरीची शाल नणंदबाईंना. त्यांचा डोळा तिच्यावर पहिल्यापासून आहे. "वहिनी, पोराला कधी शिस्त लावली नाहीस, आता कुत्र्याला लावतेस का?" असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. शाल न झटकता द्यावी. केस मुनीमचे आहेत.

४. आता मुख्य गोष्ट. मुनीम हा गोदामावर साखळीला होता. माझे यजमान गेल्यावर मी त्याला घरी आणले, तेव्हा तो हात उचललेला दिसला की दात दाखवायचा. मी त्याच्याकडे पाठ करून धान्य निवडत बसे आणि मागे एकेक तुकडा टाकी. जवळ यायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवले. नंतर "बस", "थांब" आणि "ये" शिकवले. मी देवापुढे बसले की तो उंबऱ्यावर थांबतो. "ये" म्हटल्यावर त्याचे वाईट मी कधीच केले नाही. आंघोळ असो, गोळी असो, मी उठून त्याच्यापाशी गेले.

एकदा पाहुणे यायचे म्हणून सूनबाईने त्याला "ये, ये" करून बोलावले आणि न्हाणीघरात कोंडले. त्यानंतर तिने हाक मारली की तो टेबलाखाली जाई.

"आई, माझ्यावर रुसलाय हा."

"रुसला नाही गं. तुझा शब्द खोटा निघाला."

"मग दुसरा शब्द शिकवू का?"

"तोच खरा करून दाखव."

पोरीने करून दाखवला. रोज कामे उरकून ती जमिनीवर बसे, एकदा हाक मारी आणि गप्प राही. एका दुपारी त्याने येऊन तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. तिने मला हळूच विचारले, "हात लावू?" म्हटले, "मला काय विचारतेस, त्याला विचार." तिने तळहात पुढे धरला, त्याने तो हुंगला आणि डोळे मिटले.

म्हणून मुनीमचा ताबा सूनबाईकडे राहील. मुलाचे म्हणणे मला ठाऊक आहे: "तुझ्यामागे त्याला परत राखणीला नेतो, घरात बसून खातोय नुसता." न्यायचे नाही. नेलास तर घरातला तुझा हिस्सा त्याच दिवसापासून तुझ्या बायकोचा. राखण हवी तर पहारेकरी ठेव आणि त्याला पगार दे. साखळी मी भंगारात विकली, पैसे जमेला धरले आहेत.

५. माझा देह घरात असेल त्या दिवशी मुनीमला कोंडू नये, कोणाला कितीही अडचण होवो. त्याला जवळ येऊन हुंगू द्यावे. मी उठत नाही, हे त्याचे त्याला कळू द्यावे. मला नेल्यावर तो दाराशी बसेल. तेव्हा सूनबाईने जमिनीवर बसून एकदाच "ये" म्हणावे आणि गप्प राहावे. वेळ लागेल. तो येईल.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, खाडाखोड नाही.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ जून, सकाळी

लिहून ठेवणार: घरमालकीण (सही)

साक्षीदार: जनावरांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही). या सही करीत असताना सूनबाईने आतून मुनीमला हाक मारली. तो माझ्या पायाशी होता, उठून गेला. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले.