कानिफला आणायला

१४ मार्च १९७३, बुधवार

बन्सीभावजींनी नको ते बोलून ठेवलं! ओट्यावर बसून आत्यांना सांगितलं — गेल्या साली मढीच्या जत्रेत तुमचा कानिफ दिसला, रेवड्यांच्या पालांकडं. हाक मारली तर गर्दीत शिरला.

आत्या जेवल्या नाहीत. दिवेलागणीला म्हणाल्या, "पुष्पे, म्या त्याला मढीला चालत जाऊन नाथाकडं मागितला हुता. आता चालतच आनायला जाते."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार हातांपलीकडं माणूस आहे का बाभळ, कळत नाही. म्हणजे ओळखायचं मीच.

"बाजारला जाऊन येतो" म्हणून माझा नवरा घरातून गेला होता. आठ वर्षं झाली.

१५ मार्च

रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर आबासाहेब म्हणाले, "बाई, एस.टी. आहे की!" काय सांगू? कारणात लिहिलं — देवदर्शन.

१६ मार्च, शुक्रवार

तांबडं फुटायला निघालो. भाकरी, ठेचा, फिरकीचा तांब्या, ही वही. आत्या अनवाणी. खर्ड्याचा किल्ला मागं पडला तसं ऊन चढलं. शेतात काही नाही — धसकटंसुद्धा जनावरांनी खाल्लेली. कुठल्या विहिरीत डोकावायचं नाही असं मी दुपारीच ठरवलं. तळाची भेग बघवत नाही.

मारुतीच्या देवळात मुक्काम. पुजाऱ्यानं तांब्याभर पाणी दिलं. दोघींत एक तांब्या!

१७ मार्च

जामखेडच्या अलीकडं दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. आम्हाला सावलीत बसवलं, कामावर वाटतात ती सुकडी ओंजळभर दिली. एकीनं विचारलं, "कुनीकडं निघाला, म्हातारे?"

"ल्योकाला आनायला," आत्या म्हणाल्या. कसल्या तोऱ्यात! जसा तो वेशीवर गाडी जुंपून उभाच आहे. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी पदर नीट केला उगाच.

१८ मार्च, होळी

एका वस्तीवर चार काटक्यांची होळी. पोळी कुठली — रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी होती, तीच नैवेद्याला. आत्यांनी होळीला हात जोडले, बराच वेळ. काय मागितलं ते ठाऊक आहे.

मी काय मागू? तो यावा असं मला वाटतं का? इथं लिहायला हरकत नाही — पहिली तीन वर्षं वाटायचं. एस.टी.चा आवाज आला की दारापर्यंत जायची. मग कधी थांबलं ते कळलंच नाही. त्याचं तोंड आठवायला आता डोळे मिटावे लागतात.

१९ मार्च

आष्टी. आत्यांच्या टाचेला भेगा, रक्त. "एस.टी.नं जाऊ" म्हटलं तर उठून चालायलाच लागल्या.

२० मार्च

कड्याच्या पुढं. लिंबाखाली पाय चेपत होते तर आपणहून म्हणाल्या, "लेकरू झालं न्हाई म्हनून त्यो गेला, असं लोकं म्हनत्यात. म्या तुला कदी बोलले का?"

"नाही आत्या."

"मनात आलं हुतं. येकदा."

मी पाय चेपत राहिले. ह्याच बाईनं, तो गेल्यावर मला पुन्हा पुस्तकं धरायला लावली. माहेरी धाडलं नाही. मी मास्तरीण झाले तेव्हा गावभर गूळ वाटला. एकदा मनात आलं असेल. येऊ दे.

२१ मार्च

डोंगर चढलो. आत्या दर दहा पावलांवर बसत होत्या.

२२ मार्च

मढी! गडाची पायरी लागली तशी आत्यांनी तिच्यावर डोकं ठेवलं ते उचलेनात. मीच उठवलं.

२३ मार्च, रंगपंचमी

सापडला.

दुपारी रेवड्यांच्या पालांतून फिरत होतो. आत्यांचा हात माझ्या खांद्यावर. दर पालाशी विचारायच्या, "ह्यो का गं?" मी म्हणायची, नाही. अकराव्या पालात तो बसला होता. जाड झालाय. केस मागं सरलेत. शेजारी बायको, तिच्या मांडीवर तान्हं. ना कुंडलं, ना कफनी — देवासाठी गेला असं तरी मी धरून चालले होते.

त्यानं आधी मला बघितलं, मग आईला. तोंडाचा रंगच गेला. बायको म्हणाली, "घ्या मावशी, परसाद घ्या." त्यानं तिच्या पाठीमागून मला हात जोडले. नुसते जोडले नाहीत — कपाळाला लावले.

"ह्यो का गं?" आत्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून आलं, "नाही आत्या. हा दुसराच."

का म्हणाले? त्याच्यासाठी? त्या तान्ह्यासाठी? मला माझाच राग येतोय.

त्यानं मूठभर रेवड्या आत्यांच्या हातावर ठेवल्या आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. तोंडातून चकार शब्द नाही. आत्यांनी मूठ उघडली नाही. मग म्हणाल्या, "सुखी ऱ्हा बाबा. चल पुष्पे, ऊन लागतंया."

२४ मार्च

परत एस.टी.नं. खिडकीशी आत्या. जामखेड आलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, मी काल खोटं बोलले. तो कानिफच होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"बारका हुता तवा खाऊ सांडू नये म्हनून म्या त्याची मूठ अशीच मिटवायची." मग म्हणाल्या, "आयेपाशी तोंड उघडायला नको का त्यानं? तुज्यापाशी तरी?"

मी रडले. भर एस.टी.त, सगळ्यांदेखत. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या डोळ्याला टिपूस नव्हता.

२६ मार्च, सोमवार

आज टँकर आला. दोन घागरी मिळाल्या, दोन दिवसांच्या. आत्यांनी त्यांतली एक उचलून भर दारात, आळीदेखत, डोक्यावरून ओतून घेतली. बायका धावल्या — "म्हातारीला काय झालं?"

"माझा कानिफ वारला. त्याच्या नावानं न्हाते." आणि अशा ओरडून रडल्या, अशा रडल्या!

सुतक म्हणून मी दुसऱ्या घागरीला हात लावला. ओल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. "तू न्हाऊ नगंस, पुष्पे. तुजं कुनी गेलं न्हाई."