तुमच्या मंगळवारात अडकलेला माझा हात

भाऊजी, वहिनीचा आशीर्वाद. पाठ बरी आहे ना? नसेल तर उठून चाला जरा. तिकडे बसून मालिका लिहिता तुम्ही आणि इकडे भोगते मी. बाकी आम्ही खुशाल, माझा डावा हात सोडून.

तुमच्या बंधूंच्या कंपनीचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. (असला तरी ऐका.) आधी लग्नाची फिल्म काढली, तिच्यात नवरीपेक्षा आचारी जास्त. मग सिनेमा काढला. थेटरात आपण घरचे आणि एक झाडूवाला. मध्यंतरात तोही उठला. तरी ह्यांची मान ताठ, "आपली कंपनी स्वतंत्र आहे!" म्हणजे घर माझं, सोफा माझा, पडदे माझे, स्वतंत्र तेवढे हे. मग तुमची मालिका आली ती थेट माझ्या बैठकीच्या खोलीत, आणि पहिल्याच दिवशी दिव्याच्या वायरीत पाय अडकून मी आपटले. कॅमेरा चालूच! किंकाळी फार झकास आली म्हणून ठेवली, आणि मला नायकाची हात मोडलेली आत्या करून कोपऱ्यात बसवलं.

हाड कधीच जुळलं हो. प्लॅस्टर काढून घरी आले तर हे दारातच डोकं धरून उभे. म्हणे, गोष्टीत अजून मंगळवारच चाललाय, आत्याचा हात एका दिवसात बरा कसा होईल? झालं, नवं प्लॅस्टर. जुन्यावर चहाचा डाग होता, तोही चमच्यानं त्याच जागी पाडला. वर्ष सरत आलं, तुमचा मंगळवार सरत नाही. सरेल कसा? कोणी नुसतं "काय?" म्हटलं की सगळ्यांची तोंडं तीन-तीनदा दाखवता. खाज सुटली की आत विणायची सुई घालते. डॉक्टर बिचारे मला बघून गल्ली बदलतात, त्यांचं नाव खराब झालं. ह्यांच्याशी भांडले तर म्हणतात, "मला काय सांगतेस, लेखकाला लिही." म्हणून लिहिते. पुढच्या भागात 'दोन महिन्यांनंतर' अशी पाटी टाका आणि माझा हात सोडवा.

तुमची कोपऱ्यातली,
वहिनी

ता.क. वरचं ह्यांना वाचून दाखवण्यापुरतं होतं. आता हे आत भांडी घासताहेत, म्हणून खरं लिहिते. प्लॅस्टर भिजलं तर डाग जाईल या धास्तीनं वर्षभर भांडी, धुणं, फरशी सगळं हेच करतात. ती पाटी टाकाल तर याद राखा.

आणखी एक. आत्याचा पाय मोडायचं मनात आलंच तर डावाच मोडा. उजव्या कुशीवर झोपायची मला सवय झालीय.