टॅपेटचा आवाज

३ मार्च, सोमवार

शेजारचा प्लंबर चालला. मुलीकडे, कायमचा. दारात उभा राहून बिचारा निरोप घेत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्या व्हॅनकडे बघत होते. गेली चार वर्षं माझे सगळे सोफे त्या व्हॅनमधून आले-गेले. शेजारधर्म म्हणून. आता व्हॅनही जाणार. सोफा काही डोक्यावरून नेता येत नाही.

आणि दातांच्या दवाखान्याचं काम नेमकं आत्ताच मिळालंय — बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांचं कापड आणि फोम बदलायचाय. महिनाअखेरीपर्यंत आणायच्या आहेत. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. शेड आहे, शिलाई मशीन आहे, मी आहे. गाडी नाही. नेमकं इथंच घोडं पेंड खातंय.

नवऱ्याला म्हटलं, जुना पिकअप घेऊ या का? "बघू," म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे बघायचं नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी परत जायचंय ना आपल्याला?" परदेशात येऊन आठ वर्षं झाली, आम्ही पुढच्या वर्षी परत जातोय.

४ मार्च, मंगळवार

एक बघितला! शाळेमागच्या माळ्याचा. गुडघे गेले म्हणून काम बंद करतोय. पांढरा म्हणायचा, कारण कधीतरी पांढरा होता. मागच्या हौद्यात वाळलेली माती आणि एक तुटकी झारी. मागचा फाळका मात्र एका हाताने उघडतो. मी हौद्यात चढून आडवी झाले — तीन जणांचा सोफा मावेल का बघायला. माळी नुसता बघत राहिला. मावतो.

पैसे साठवलेत, तो प्रश्न नाही. पण जुन्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कसं कळणार? बाबांना ऐकवते. बाबांनी जन्मभर टेम्पो चालवला. गल्लीच्या तोंडाशी कुणाचा टेम्पो वळला ते घरात जेवता जेवता सांगायचे, आणि त्याला काय दुखतंय तेही.

८ मार्च, शनिवार

माळ्याच्या अंगणातून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली, फोन इंजिनापाशी धरला. स्क्रीनवर नुसता बाबांचा कान. बराच वेळ कान, मग डोळे.

"टॅपेट वाजतंय. घेऊ नकोस."

मला टॅपेट म्हणजे काय तेही धड माहीत नाही. इंजिनात आत काहीतरी टकटकतं म्हणे. दुरुस्त होईल का विचारलं, तर बाबा त्यांच्या पहिल्या टेम्पोवर घसरले. घाटात कसा बंद पडला, क्लीनर पोरगा कसा पळून गेला. मी मध्येच परत विचारलं, तरी गोष्ट सुरूच. नेट कच्चं असणार. पण काय सांगू, मजा आली! एरवी फोनवर बाबांची वाक्यं दोनच — "बरी आहेस ना? आईला देतो." आज माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत बोलले.

गाडीचं मात्र नको म्हणाले. म्हणजे नको.

९ मार्च, रविवार

नको का पण? नवरा म्हणतो, "माळी त्याच गाडीतून रोज फिरतोय की." पटतं. बाबांचंही पटतं. जो शेवटी बोलेल त्याचं मला पटतं, ही माझी जुनी खोड.

परत जायचंय म्हणणाऱ्या माणसाने आज मागच्या बाजूला कुंडीत लिंबाचं झाड लावलं. तीन वर्षांनी लिंबं येतात म्हणे.

१२ मार्च, बुधवार

माळ्याला बाबांचं म्हणणं सांगितलं. भला माणूस, गाडी मेकॅनिककडे घेऊन गेला. मीही गेले. मेकॅनिकने उघडलं, कान लावला, परत बंद केलं. "आवाज कुठला?" म्हणाला. मी म्हटलं, माझे वडील सांगतात. तो म्हणाला, "ते कुठे आहेत?" मी सांगितल्यावर हात पुसत आत निघून गेला.

तिथूनच कॉल लावला. परत कान. "थोडा कमी झालाय. पण आहे. गार इंजिन ऐकायला पाहिजे. उद्या परत लाव."

मागून आई म्हणाली, "अगं, फोनची वाट बघत जेवायचे थांबलेत हे."

आता मलाही टकटक ऐकू यायला लागली आहे. गाडीची की माझ्या डोक्यातली, देव जाणे.

१३ मार्च, गुरुवार

परत लावला. "नको." मग क्लचप्लेटचं व्याख्यान. छान झालं, पण माझं काय?

१५ मार्च, शनिवार

माळी म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आलंय, सोमवारपर्यंत काय ते सांग. आता तळ्यात की मळ्यात चालणार नाही.

सकाळीच गेले, इंजिन गार असताना. बॉनेट उघडलं, बाबांना कॉल लावला, फोन आत टेकवून ठेवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली माळ्याच्या दुसऱ्या पँटमध्ये. तो लंगडत घरात गेला. मी तशीच उभी.

तेवढ्यात फोनमधून बाबा म्हणाले, "बघ. तोच आवाज. गार असताना जास्तच वाजतंय."

इंजिन बंद होतं. कुठेतरी एक पक्षी ओरडत होता, बाकी काही नाही.

"हो बाबा," म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?

१६ मार्च, रविवार

रात्रभर डोक्यात तेच. थट्टा केली म्हणावं तर बाबा थट्टा करणाऱ्यातले नाहीत. मग वाटलं, गाडी घेतली की ही तिकडचीच झाली, असं त्यांना वाटत असेल. म्हणून मोडता घालतायत. रागच आला. सरळ सांगा ना, परत ये म्हणून! टॅपेटच्या आड कशाला लपायचं?

बाबा फिरायला जातात ती वेळ साधून आईला फोन केला आणि भांडायलाच लागले. आईने पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही गं. वर्ष होत आलं. दोन्ही कान. कानाचं मशीन आणलंय, कपाटात पडून आहे. लावायला लाज वाटते."

"मग माझ्याशी बोलतात कसे?"

"तुझं तोंड बघून अंदाज बांधतात. आणि सगळं तेच तर बोलतात, तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. मला वाटलं, नेट कच्चं आहे.

"तुला सांगायचं नाही म्हणाले. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरगी मला काहीतरी विचारतेय. आणि हो म्हटलं की गाडी घेईल. मग कशाला फोन करेल मला?"

खूप रडले. नवऱ्याने काय झालं विचारलं. काय सांगू? म्हटलं, टॅपेट.

१७ मार्च, सोमवार

गाडी घेतली. मेकॅनिकच्या शब्दावर. बरोबर केलं की चूक, अजूनही कळत नाही. आठवडाभर ऐकून ऐकून मला त्या गाडीबद्दल काडीचंही नवीन कळलेलं नाही. नवरा हौद्यात चढून उड्या मारून आला. म्हणाला, "लिंबाला मोठी कुंडी आणायला बरी."

बाबांसाठी आईकडे निरोप ठेवलाय. गाडी घेतली म्हणावं, पण काहीतरी वाजतंय आणि इथे कुणाला कळत नाहीये. कपाटातलं ते मशीन लावा आणि ऐका. मी शनिवारी फोन करते. आणि त्यानंतरच्या शनिवारीही.

२२ मार्च, शनिवार

दवाखान्याच्या पहिल्या सहा खुर्च्या हौद्यात. बाबांना कॉल लावला. आज स्क्रीनवर कान नाही, पूर्ण चेहरा, कानामागे मशीन. इंजिन सुरू केलं. "ऐका बाबा."

ऐकलं. खूप वेळ. मग म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. बंद कर ती. आता तू बोल."