मथळा वाचून आईने बंद केलेल्या गोळ्यांबाबत

प्रति,
मा. जाहिरात तपासणी अधिकारी,
ग्राहक हित कार्यालय,
तळमजला, जिन्यालगतचा कक्ष.

विषय: मी लिहिलेला मथळा वाचून आईने बंद केलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा सुरू व्हाव्यात, यासाठी शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) आमच्या कंपनीचा मथळा, 'रक्तदाबाची गोळी खरंच रोज घ्यायला हवी का?'
२) आईशी स्वयंपाकघरात वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

१. मी आरोग्याच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मथळे लिहितो. मथळा म्हणजे मोबाइलवर दिसणारी ती निळी ओळ, जिच्यावर बोट ठेवले की आतला मजकूर उघडतो आणि त्याच्या शेवटी काहीतरी विकत घेण्याची सोय असते. हे काम कुणीही करू शकेल असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, परंतु तो या अर्जाचा विषय नाही.

२. आमच्याकडे खोटे मथळे चालत नाहीत, हे आधीच नमूद करतो. 'डॉक्टरही थक्क झाले' असे आम्ही लिहीत नाही, कारण थक्क झालेला एकही डॉक्टर आमच्या माहितीत नाही. मथळ्यात प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर मजकुराच्या पहिल्याच वाक्यात द्यायचे, असा नियम आमच्या भिंतीवर लावलेला आहे. तो मीच सुचवला होता आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

३. मध्यंतरी आम्हांला सात कप्प्यांची औषधाची डबी विकायची होती. मी दोन मथळे दिले. पहिला, 'गोळी घ्यायला विसरता? ही डबी वापरा'. दुसरा, संदर्भ क्र. १ मधील. आमच्या पद्धतीप्रमाणे अर्ध्या लोकांना एक व अर्ध्यांना दुसरा पाठवतात, आणि ज्यावर जास्त बोटे पडतात तो ठेवतात. पहिल्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. दुसरा असा चालला की डब्या संपल्या. आतल्या मजकुराचे पहिले वाक्य 'होय, रोजच घ्यायला हवी' असे होते व आहे. नियमाचा भंग कुठेही झालेला नाही.

४. आता आईबाबत. आई निवृत्तीपर्यंत एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात होती. माझे वडील रक्तदाबानेच गेले, त्यामुळे आईच्या गोळ्यांकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहतो. तसेच, हल्ली मोबाइलवरून लोकांची जी फसवणूक होते ती टाळण्यासाठी मी तिला बजावून ठेवले होते की कसल्याही निळ्या ओळीवर बोट ठेवायचे नाही, मग ती कुणाचीही असो. आईने हे तंतोतंत पाळले. ती मथळे सगळे वाचते. उघडत मात्र एकही नाही.

५. त्यामुळे सदर मथळा तिने वाचला, 'होय' मात्र वाचले नाही, आणि गोळ्या बंद केल्या. मला हे कळले तेव्हा ती शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, "तज्ज्ञांनाच शंका आहे, तर मी कशाला घेऊ?" मथळ्याखाली 'आमच्या आरोग्य तज्ज्ञांच्या चमूकडून' असे छापलेले असते. सदर चमूत मी आहे आणि मथळ्याशेजारी लाल हृदयाचे चित्र काढून देणारी एक मुलगी आहे. ती सध्या रजेवर आहे.

६. मथळा मीच लिहिला, असे मी आईस सांगितले. ती हसली. "तू? अरे, तुला साधं वाणसामान आणायचं तर चिठ्ठी लागते. तज्ज्ञ वेगळे असतात, बाळा." मी माझ्या मोबाइलवर मजकूर उघडून 'होय' दाखवले. त्यावर तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "उघडलंस ना? आतलं सगळं बनावट असतं, असं तूच सांगितलं होतंस." हे खरे आहे. तसे मीच सांगितले होते.

७. डॉक्टरांनीही तिला समजावले. पट्टा बांधून रक्तदाब मोजला, आकडा पाहून ते खुर्चीतून उठले आणि तिच्यावर चक्क ओरडले. घरी येताना आई म्हणाली, "गोळ्या लिहून देणं हा त्यांचा धंदाच आहे. बंद करा असं ते कशाला म्हणतील?" जिना चढताना ती मध्येच थांबली, कठडा धरून उभी राहिली, आणि मला म्हणाली की चप्पल सैल झाली आहे. चप्पल सैल नव्हती. महोदय, मी तेव्हा फार घाबरलो.

८. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे दुरुस्तीचा मथळा दिला, 'रक्तदाबाची गोळी रोजच घ्यावी'. साहेब म्हणाले, "अरे, यात उघडायचं काय उरलं? सगळं बाहेरच सांगून मोकळा झालास!" मी म्हटले, जो उघडत नाही त्याच्यासाठीही मथळा खरा असला पाहिजे, नाहीतर आपला नियम फक्त गिऱ्हाइकांपुरता आहे. साहेब विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी बराच विचार केला आणि नेहमीच्या पद्धतीने चाचणी घ्यायला सांगितले. समोर लाल हृदयवाल्या मुलीचा, तिने रजेवरून पाठवलेला मथळा होता, 'रोज गोळी घेणाऱ्यांचं पुढे काय होतं?' (पहिले वाक्य: 'ते ठणठणीत राहतात.') माझा मथळा सपशेल आपटला व मागे घेण्यात आला. आई नेमकी त्या मुलीचा मथळा मिळालेल्या अर्ध्या लोकांत निघाली. तिने तो मथळा मावशीला पाठवला. आता मावशीनेही गोळ्या बंद केल्या आहेत.

९. "शिक्क्याचा कागद आण, मग बघू," एवढेच आई म्हणते. सबब, पुढील मजकुराचा दाखला गोल शिक्क्यासह मिळावा: (अ) सदर प्रश्न अर्जदारानेच विचारला होता, (ब) अर्जदार तज्ज्ञ नाही, (क) प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे.

१०. इथवर लिहून मी कच्चा अर्ज टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. परत येतो तो आई हातात पेन्सिल घेऊन तो वाचत होती. कागद असल्याने तिने शेवटपर्यंत वाचला. परिच्छेद ४ मधील 'हट्टी' हा शब्द तिने खोडला, परिच्छेद ६ समोर 'अनावश्यक' असा शेरा मारला, आणि 'सदर' फार झाले म्हणाली. मथळा मी लिहिला हे आता तरी पटले का, असे मी विचारले. ती म्हणाली, "अर्जात काय, कुणीही काहीही लिहितं. ठरवायचं अधिकाऱ्यांनी." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारले, "दाखल केलास का?"

११. त्यानंतर तिने जे सांगितले ते आपल्यासमोर ठेवणे भाग आहे. अर्जावर आवक शिक्का बसला की प्रकरण विचाराधीन होते. विचाराधीन प्रकरणात कुणी आपल्या मर्जीने काही बदलायचे नसते. निकाल लागेपर्यंत जैसे थे. "आणि जैसे थे म्हणजे वाद सुरू होण्याआधी जसं होतं तसं. तेव्हा मी गोळ्या घेत होते. पोच दाखव, त्या दिवसापासून घेते. मावशीलाही सांगते." हे तिने नियम म्हणून सांगितले की माझा चेहरा बघून, हे मी विचारले नाही. मला विचारायचेही नाही.

१२. मात्र असा दाखला देण्याची तरतूद कोणत्याच कार्यालयात नसते, अर्ज नामंजूर होणार, असेही तिने अनुभवावरून सांगितले. तसे झाल्यास सरकारने गोळ्याच नामंजूर केल्या असे ती धरून चालेल, यात मला शंका नाही. त्यामुळे वरील विषय आता मजकुराशी जुळत नाही. माझ्या धंद्यात हा मोठा दोष मानतात. तो बदलून लिहिणार होतो, पण आईने तपासलेल्या अर्जावर खाडाखोड करण्याची माझी हिंमत नाही.

१३. सबब, परिच्छेद ९ मधील मागणी कायम ठेवून, ती मान्य करू नये व अमान्यही करू नये, ही कळकळीची विनंती. अर्जावर आवक शिक्का आजच मारावा व पोच हातोहात द्यावी. त्यानंतर अर्ज वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी पाठवावा, तिकडून त्रुटीसाठी परत यावा, संबंधित लिपिक बदलून जावेत, नवीन लिपिकांनी तो नव्याने अभ्यासावा. आपण रुजू झाल्यापासून या कार्यालयात अर्ज झपाट्याने निकाली निघतात, असे बाहेरच्या रांगेत ऐकले. इतरांच्या बाबतीत ही आनंदाचीच गोष्ट आहे. माझ्या बाबतीत आपण जितकी वर्षे दिरंगाई कराल, तितकी वर्षे मी आपला ऋणी राहीन.

सोबत: १) मथळ्याची छापील प्रत. २) आतल्या मजकुराची प्रत ('होय' अधोरेखित). ३) डॉक्टरांची चिठ्ठी. ४) पोचेसाठी कोरी प्रत, आईने स्वतः आखून दिलेली.

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे

आपल्या उत्तराची वाट न पाहणारा,
(सही)
अर्जदार, मथळेलेखक