बिनवासाचं मलम

माय, आज मी पुन्हा एक गिऱ्हाईक परत पाठवलं. कुम्हारीहून आली होती, लग्न तोंडावर आलेली मुलगी, गालांवर लालभडक पुरळ. "आंटी, कुछ अच्छा दीजिए ना, खुशबूवाला." मी म्हटलं, बाई, आधी हे एवढंसं कोपराच्या आतल्या बाजूला लाव, दोन दिवस थांब, काही झालं नाही तर चेहऱ्याचं बघू. तिनं सोबतच्या आईकडे पाहून डोळे फिरवले आणि पायरी उतरताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ये दुकान चलाती कैसे हैं?" खरं तर मला राग यायला हवा होता, राग माझ्या नाकावरच असतो, तुला माहीत आहे. पण मला हसूच आलं. बाबा तुला हेच विचारायचे, फक्त आपल्या भाषेत.

आता मी पद्मनाभपुरात राहते. मागच्या खोलीत मलम करते, साधा साबण करते, आणि ज्यांच्या कातडीला जगातलं काहीच सोसत नाही अशी माणसं कुठून कुठून पत्ता काढत येतात. सुरुवात मात्र तुझ्या हातांपासून झाली. या हिंदी मुलखात पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आपण सुपेल्याच्या अलीकडे एका खोलीत राहायचो. बाबा रेल्वेच्या यार्डात खलाशी, पडेल ते मजुरीचं काम; आणि तू काँक्रीटच्या कामावर रेजा, मजूर बायकांना इथे रेजाच म्हणतात. डोक्यावर घमेलं, घमेल्यातून ओलं सिमेंट बोटांवर गळतंय. बाकीच्या बायकांचे हात खरखरीत व्हायचे, तुझे मात्र सोलून निघायचे, चिरा पडून रक्त यायचं. भाकरी थापताना तू ओठ घट्ट मिटून घ्यायचीस. एक दिवस मुकादमानं तुला बाजूला केलं, हात बरे झाले की ये म्हणाला. मग तू तिळाचं तेल आणि मोहळाचं मेण गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवलंस, ढवळत बसलीस, आणि जे झालं ते स्वतःच्या हातांना लावलंस. चिरा भरून आल्या. बाकीच्या रेजांनी ते पाहिलं आणि आपल्या दारात उभ्या राहायला लागल्या.

तुझी रीत मात्र भलतीच. नवीन घाणा झाला की आधी तुझ्या कोपरावर. "माही कातडी साऱ्यात नखऱ्याची हाय," तू म्हणायचीस, "हिले चाललं तं कोणालेबी चालते." त्यावरही तुझं समाधान नसे. डबी मागणाऱ्या प्रत्येकीला बसवून घ्यायचीस. खाज कुठे येते, कधीपासून, काम काय करते, कपडे कशानं धुते. एखादी कंटाळून म्हणायची, देना है तो दे ना बाई. तरी तू चिमूटभर लावून पाठवायचीस, परवा ये म्हणून. बाबा खाटेवरून बघत असायचे. "अवो, धंदा करून राहिली का तपासणी?" तू पाठमोरी डबी भरत राहायचीस, पण तुझ्या पाठीवरूनही कळायचं की तुला गंमत वाटते आहे.

मग सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या अधिकारी वसाहतीतल्या, एक बाई आल्या. नवरा इंजिनियर, माहेर पुण्याकडचं. इतक्या लांब कुणी मराठी बोलतंय याचंच तुला केवढं कौतुक. संक्रांत जवळ आली होती, थंडीनं सगळ्यांचेच गाल उलले होते, आणि बाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना या वर्षी वाण म्हणून तुझ्या मलमाच्या डब्या. "फक्त थोडा वास हवा हो. वाण आहे, औषध वाटल्यासारखं नको वाटायला." सगळ्या अधिकाऱ्यांच्या बायका येणार होत्या. एकदा त्यांच्या हाती डबी गेली की तुला पुन्हा घमेलं उचलावं लागणार नव्हतं, हे तुला कळत होतं, बाबांना कळत होतं, मलाही कळत होतं. तू सुपेल्याच्या बाजारातून केवड्याचं अत्तर आणलंस आणि आपल्या खोलीला आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत वास आला. डब्या भरून झाल्या. तू नेहमीसारखं कोपराला लावलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपुढे बसली आहेस, बाही वर केलेली, आणि कोपराच्या खोबणीत लाल चट्टा उठला आहे. बाबा वाकून बघतात. "तुलेच होते तसं. साऱ्यायले थोडीच होते? देऊन टाक."

"एकेकीले देतो तं इचारून देतो," तू म्हणतेस. "हे वाण हाय. बाई लुटन, ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती गेलं. कोणाची कातडी कशी, मले कसं समजावं?"

"मंग घमेलं उचलशीन पुन्हा?"

"उचलीन."

एवढंच बोलणं झालं. बाबा रागावले नाहीत, पण चहा तसाच ठेवून कामावर गेले.

बाईंच्या दारात तू मला बरोबर घेऊन गेलीस. बाही वर करून कोपर दाखवलंस. सोबत नेलेली बिनवासाची डबी पुढे केलीस आणि वर सल्लाही दिलास, "वासाचंच असंन तं अत्तर पदराले लावा, बाई." मी पायाच्या बोटांकडे बघत हसू दाबत होते. बाईंना हसू आलं नाही. तुमची कातडी नाजूक असेल, म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. नंतर वाणाला त्यांनी चहाच्या गाळण्या दिल्या असं कळलं. पुन्हा काही त्या आपल्याकडे आल्या नाहीत.

डब्यांतलं मलम टाकून द्यायला तुझा जीव होईना. ते बाबांच्या सायकलच्या साखळीला गेलं, दाराच्या बिजागरीला गेलं, उरलेलं पुन्हा साखळीलाच. उन्हाळा लागेपर्यंत बाबांची सायकल यार्डात शिरायच्या आधी केवडा शिरायचा. "आ गया दूल्हा!" सगळे ओरडायचे. बाबा घरी येऊन हे आम्हाला शिव्या घालत सांगायचे आणि सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. त्या हसण्यात तुझ्यावरचा त्यांचा राग कधी विरघळला ते कुणालाच कळलं नाही.

आणि तू घमेलं उचललंस. त्याच मुकादमाकडे, तेच ओलं सिमेंट. हात पुन्हा सोलले. रेजा बायका डब्या न्यायच्याच, पण त्यावर आपलं भागत नव्हतं. पुढे काही वर्षांनी भागायला लागलं आणि तू घमेलं कायमचं ठेवलंस, ते सगळं तुला ठाऊकच आहे. मला सांगायचंय ते त्या उन्हाळ्याचं. दिवेलागणीला तू दारात बसायचीस, दोन्ही हात माझ्या मांडीवर सोडून. या वेळी बोटं इतकी सोलली होती की तुला स्वतःला लावता येत नव्हतं, म्हणून मलम मी लावायचे. एकेक बोट, एकेक चीर. एरवी तू कधी एका जागी बसलेली मला आठवत नाही. तेव्हा मात्र हलायची नाहीस, काही काम सांगायची नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहायचीस.

माय, तू गेलीस, हे कागद काही आता कुठल्या टपालपेटीत पडायचे नाहीत, म्हणून लिहून टाकते. तुझे हात बरे व्हावेत असं मला फार वाटायचं. पण रोज संध्याकाळी मलम लावताना असंही वाटायचं, की आज नको, अजून थोडे दिवस जाऊ देत.