उगाच कुणी पळत नाही

मु. खडकमाळ, ता. माण, जि. सातारा
ता. ११ मार्च १९७४

तीर्थरूप नाथादादा यांस,

धाकट्या बहिणीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. रंगूवहिनींना नमस्कार, पोरांच्या गालाचे पापे घ्या. इकडे सारे खुशाल आहेत, सांगलीची खुशाली कळवावी.

मेंढ्या व्याल्या. या खेपेला कोकरं ठणठणीत आहेत. थंडी सरल्यापासून मामांजींचा दमा कमी आहे. आत्याबाईंची जीभ पहिल्यासारखीच आहे. हेही बरे आहेत. मुंबईहून आले होते, चार दिवस राहून दोघं परत गेले.

आता एक गंमत सांगते. वहिनींना वाचून दाखवा, हसून लोळतील. तुमची बहीण रोज सकाळी पळते. खरंच, दहिवडीच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत जाते नि परत येते. पुढच्या महिन्यात साताऱ्याला पोलिसात बायकांची भरती आहे. सातवी फायनल पास लागते, ती मी आहे. बाकी उंची, वजन आणि पळणं. उंची देवानं दिली, वजन दुष्काळानं उतरवलं, राहिलं पळणं.

शाळा सुटल्यापासून मी कधी पळाले नव्हते. आणि आपल्याकडं उगाच कुणी पळत नाही. माणूस पळालं की कुठंतरी आग लागलेली असते, नाहीतर साप डसून कुणाला पान लागलेलं असतं. पहिल्या दिवशी तर वाटेवरच्या रानातला यल्लाप्पा कणसं खुडता खुडता विळा टाकून माझ्या मागं धावत आला.

"आगं, कुनाला पान लागलं?"

कुणाला नाही म्हटलं.

"मग कोन गेलं?"

कुणी गेलं नाही.

"मग पळतीस कशापायी?"

भरतीसाठी, म्हटलं. तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत बघत राहिला. "आदी सांगायचं न्हाई व्हय? मी फुकटचा पळालो की!"

दुसऱ्या दिवसापासून मात्र लाजेनं जीव नको झाला. पाण्याला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत. पारावरची म्हातारी माणसं बोलता बोलता गप्प होत. आत्याबाई दारातून ओरडल्या, "नांदती सून हाय का तमाशातली?" लुगड्याचा काष्टा पळायला सोयीचा, पण डोईवरचा पदर ठरत नाही. दातात धरला तर श्वास पुरत नाही, हातानं धरला तर तोल जातो. बाभळीखाली चपला काढून ठेवायचे, नि कुणी येताना दिसलं की थांबून काटा काढल्यासारखं करायचे. असा किती वेळा खोटा काटा काढला असेल!

परवा मामांजी पारावर बसले होते. नेमका त्यांच्या समोर पदर घसरला. मी थांबले नाही. पदर कमरेला खोचला नि मोकळ्या डोक्यानं पुढं गेले. मामांजींनी मान खाली घातली. मी नाही घातली.

दादा, तुम्ही इतकी वर्षं पलटणीत होता. पळताना बरगडीखाली कळ येते तेव्हा काय करतात? दम तोंडानं घ्यायचा की नाकानं? तेवढं कळवा.

ता. १२

काल इथपर्यंत लिहून पत्र मिटलं होतं. टाकायला निघाले आणि परत फिरले. निम्मं पत्र पाठवून काय उपयोग?

वर मी 'दोघं' लिहिलं आहे. यांनी मुंबईत दुसरी केली. तिला घेऊन आले होते. आत्याबाईंनी उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, "लीले, हिची वटी भर." हे खाली बघत उभे होते. दादा, मी भरली. गहू, सुपारी, खण, सगळं माझ्या हातानं. मग हात धुतले नि बाहेर पडले. आधी चालत होते, मग पळायला लागले. मळ्यातल्या विहिरीकडं.

भरदुपार होती. आमच्या शेजारच्या बयाबाईनं पाहिलं. एकटीच राहते ती. तिनं डोईवरचा कडब्याचा भारा रस्त्यात टाकला आणि विहिरीच्या काठावर मला दंडाला धरलं. मागून यल्लाप्पा आला, आणखी माणसं आली. पळतीस कशापायी, म्हणून तो विचारायला लागला, आणि माझ्या तोंडातून भरतीचं निघालं. कधीतरी गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचलेलं. बयाबाईनं दंड सोडला नाही, पण सगळ्यांना म्हणाली, "व्हय, मीच बोलले तिला, पळाय शीक म्हून. जावा आपापल्या कामाला."

सगळे पांगल्यावर मला म्हणाली, "आता उद्याबी पळाय लागंल, बाई. न्हाईतर समद्यांस्नी कळंल."

म्हणून पळते. भरती खरंच आहे, हे तिनं मागाहून दहिवडीला जाऊन विचारून आणलं.

मरायला पळाले तेव्हा मला कुणाची लाज वाटली नव्हती. जगायला पळते तर वाटते. विहीर रस्त्यालगतच आहे, रोज तिच्यावरून जावं लागतं. काही दिवशी तिथं पाय रेंगाळतात. मग मी डोळे समोर ठेवून छाती फुटेस्तोवर पळते.

गेल्या भाऊबीजेला मी काही सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, "संसारात व्हतंच आसं, सोसायचं." मी ओवाळणीचं ताट उचलून आत गेले. तुम्हाला बोल लावत नाही, पण या वेळी सोस म्हणू नका. आता माझ्यानं होत नाही.

साताऱ्याच्या मैदानात पोटभर जेवलेल्या, शाळा-कॉलेजात खेळलेल्या पोरी येतील. त्यांच्यात मी मागं पडले तर संध्याकाळी कुठली एसटी धरू? इकडची धरली तर मी काय करीन, माझा मलाच भरवसा नाही. सांगलीची धरू का? तुमची एकच खोली आहे, ठाऊक आहे. वहिनींचं सगळं काम करीन, बाहेर ओट्यावर झोपेन. नुसतं 'ये' एवढं लिहा. कार्ड बयाबाईच्या नावानं टाका, आमच्या घरी आलेलं टपाल आधी मामांजींच्या हातात पडतं.

भरतीत निवडले गेले तरी मला ते कार्ड पाहिजे. ते नसेल तर मैदानात मी कुणाच्या जिवावर उभी राहू? दमाचं नाही लिहिलंत तरी चालेल, तो मी शिकेन कसाबसा. एवढा एक शब्द मात्र लवकर लिहा, दादा.

तुमचीच, आणि आता दुसऱ्या कुणाचीच नसलेली,
लीला