धुतलेल्या बारा रिंगा

॥ श्री ॥

केलीव्हिल, सिडनी
७ ऑगस्ट २०२१

ती. विलासदादास, धाकट्या श्यामलाचा सा. न. वि. वि.

तू डार्विनहून पाठवलेलं पार्सल काल पोचलं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, एक, बारीक कानस एक, टूथब्रश एक. पावतीवर गेजचे अठरा डॉलर नव्वद आणि टपालाचे तेरा साठ, ते तुझ्या नावावर मांडलेत. कानस तुझी जुनी, म्हणून तिची किंमत लावली नाही. टूथब्रश कशासाठी ते कळलं नाही. इथे लॉकडाऊन आहे, दुष्काळ नाही.

मायन्यात सवयीने 'सौ.' लिहिलंस आणि मग खोडलंस. राहू द्यायचं होतंस. खोडलेलं जास्त दिसतं.

मागे घाईत चार ओळी खरडल्या होत्या, आता नीट सांगते. उद्या ह्यांना जाऊन महिना होईल. मेंदूचा झटका आला आणि तीन तासांत सगळं संपलं. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती, आली सहा. तुझी वाट तर सरकारनेच बंद केलेली, त्याचा राग धरू नकोस. तेराव्याला सुतक फिटलं, तेव्हा रीतीप्रमाणे मी घर धुवायला काढलं. पडदे, चादरी, देवांची भांडी, आणि गॅरेजसुद्धा. तिथे मंदिराच्या व्हॅनचं डिझेल इंजिन ह्यांनी उघडून ठेवलं होतं. वर्तमानपत्रावर पिस्टनवर बसणाऱ्या रिंगांचे चार ढीग होते. मला वाटलं, सुटे भाग आहेत. साबणाच्या पाण्यात एकाच घमेल्यात सगळ्या घातल्या, चिंच लावून घासल्या, पुसल्या आणि बिस्किटांच्या डब्यात एकावर एक रचून ठेवल्या. एवढ्या चकचकीत झाल्या होत्या की मीच खूश.

मग ह्यांची वही सापडली. एकेक रिंग कानशीने घासून त्यांनी ठराविक सिलिंडरसाठी बसवून पाहिली होती. आता कुठली कुठल्या सिलिंडरची, हे सांगणारं कोणी नाही.

चित्रलेखाताई, मंदिराचं स्वयंपाकघर त्याच बघतात, दर सोमवारी फोन करतात. हॅरिस पार्कमध्ये शिकायला आलेल्या मुलांची हॉटेलातली कामं गेली आहेत, एकेका फ्लॅटमध्ये सहा-सहा जणं भाडं भरून उपाशी. व्हॅन चालू होती तेव्हा दीडशे डबे जायचे. आता ताई आपल्या छोट्या गाडीतून चाळीस नेतात. ह्यांनी त्यांना शब्द दिला होता. इंजिन जोडून द्यायला नोएल नावाचा मेकॅनिक तयार आहे, पण रिंगा नीट लावलेल्या हव्यात, म्हणतो. तो सहा सप्टेंबरला येणार. ती तारीख गेली तर मग थेट नोव्हेंबर.

नवीन रिंगांचा संच परदेशातून यायला तीन महिने लागतात. म्हणजे ह्याच बारा. तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला तू शिकत नाहीस, तेव्हा पत्रातूनच शिकव.

दिवसभरात बोलणं म्हणजे देवाशी, आणि एकदा दारावर खोका ठेवून जाणाऱ्याला काचेतून थँक यू. काल त्यालाही चुकून 'या बसा' म्हटलं.

तुझी,
श्यामला

डार्विन
१४ ऑगस्ट २०२१

चि. श्यामलेस अनेक आशीर्वाद.

टूथब्रश रिंगांच्या खाचा साफ करायला पाठवला होता. तुझ्या चिंचेने माझं काम आधीच केलेलं दिसतंय. पस्तीस वर्षं कोळंबीच्या बोटींची इंजिनं उघडली, पण रिंगा देवांच्या भांड्यांसारख्या घासणारी तू पहिलीच. घाबरू नकोस, चिंचेने काही होत नाही. फक्त तेलाचा हात लावून ठेव, नाहीतर गंजतील.

आता लक्ष देऊन वाच. रिंग म्हणजे पूर्ण बांगडी नव्हे, तिला एक फट असते. इंजिन तापलं की रिंग लांबते. फट कमी असेल तर दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि सिलिंडर ओरबाडून काढते. मग ते इंजिन भंगारात. फट जास्त असेल तर धूर आणि तेलाचा खप, पण इंजिन मरत नाही. म्हणजे कमी फटीची भीती जास्त.

रिंग सिलिंडरमध्ये घाल. हाताने ढकललीस तर तिरकी बसेल, म्हणून पिस्टन उलटा धरून त्याच्या सपाट डोक्याने दोन बोटं खाली लोट. मग फटीत गेजची पाती घाल. गेजवर मिलिमीटरचे शंभरावे भाग लिहिलेत. पाती सैल गेली तर जाड घे, अडून बसली तर पातळ. किंचित लागत लागत सरकते ती खरी. वरच्या रिंगेला चाळीस ते पन्नास हवेत. प्रत्येक सिलिंडरला तीन प्रकारच्या रिंगा, वरची, मधली, तेलाची. त्या दिसायलाच वेगळ्या आहेत, त्यामुळे प्रकार ओळखशील. प्रत्येक प्रकारच्या चारही रिंगा चारही सिलिंडरमध्ये घालून बघ आणि तक्ता करून पाठव. तू भाजीवालीला दोनदा हिशेब करायला लावणारी, हे तुला जमेल.

इथे माणसं भेटतात, लॉकडाऊन नाही. पण भेटून बोलायचं काय, त्यांचं मला ऐकू येत नाही आणि माझं ते ऐकून कंटाळलेत. संध्याकाळी धक्क्यावर बसतो. विश्रामरावांना पोचवायला मी यायला हवं होतं, हे रोज वाटतं.

काळजी घे आणि जेवत जा.

तुझा,
विलासदादा

केलीव्हिल
२१ ऑगस्ट २०२१

ती. विलासदादास सा. न. वि. वि.

तक्ता सोबत आहे. अठ्ठेचाळीस मापं, प्रत्येक दोनदा. चार दिवस लागले. पहिल्या दिवशी सगळी मापं वेगवेगळी येत होती. मग समजलं की हीटर लावून रिंगा त्याच्या जवळ ठेवल्या होत्या, गार होऊ दिल्या नव्हत्या. ते पान फाडलं नाही, वर 'चूक' लिहून ठेवलं.

सकाळी पूजा झाली की एप्रन बांधून गॅरेजमध्ये जाते. रेडिओ ह्यांचा तसाच होता, लावला तर क्रिकेटचं जुनं प्रक्षेपण. बंद नाही केला. कुणीतरी बोलत राहिलेलं बरं वाटतं. भात आता पाव वाटीचा करते. तरी उरतो.

मधल्या आणि तेलाच्या रिंगा जुळल्या. वरच्यांपैकीही तीन जुळल्या, एकेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, अगदी वहीत लिहिलेले आकडे. चौथी मात्र कुठल्याच सिलिंडरमध्ये बसेना. सगळीकडे पंच्याऐंशीच्या वर. वहीत चौथ्या सिलिंडरपुढे ह्यांनी चाळीस लिहिलंय. दादा, चाळीस आणि पंच्याऐंशी यांत एवढी चूक हे करतील का? लग्नाच्या वेळी मंडपाचा खांब दोन इंच तिरका आहे म्हणून अंतरपाटाआडून सांगणारा माणूस तो. मला वाटतं, धुताना माझ्याच हातून ती वाकली. नोएल यायला पंधरा दिवस उरलेत आणि मी एक रिंग बिघडवून बसले. चित्रलेखाताईंना अजून सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, परवा चाळीसातले शेवटचे सहा डबे दिल्यावर जिन्यावर अजून मुलं उभी होती.

रामरक्षा दोनदा म्हणते हल्ली. काय करू ते सांग.

तुझी,
श्यामला

डार्विन
२८ ऑगस्ट २०२१

चि. श्यामलेस आशीर्वाद.

रिंग तू बिघडवलेली नाहीस. धुऊन रिंग झिजत नाही, आणि वाकली असती तर सिलिंडरला टेकताना उजेड दिसला असता. ती जास्त घासली गेली आहे, आणि घासणारा हात विश्रामरावांचा होता.

हे मला माहीत होतं, म्हणजे असं काही झालं असणार हे. जूनमध्ये त्यांचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं की उजव्या हाताची बोटं मधूनमधून बधिर होतात, कानस किती फिरली ते कळत नाही, एकदा अर्धा मिनिट पातीवरचा आकडाच दिसला नाही. मी उलट लिहिलं, आजच्या आज डॉक्टरकडे जा. त्यांचं उत्तर आलं, व्हॅन झाली की जातो, श्यामलाला कळवू नका, ती देव पाण्यात घालून बसेल. मी कळवलं नाही. दोन्ही पत्रं सोबत ठेवली आहेत.

समर्थन करत नाही. त्या माणसाचा शब्द पाळला, एवढंच.

माझ्या शेडमध्ये त्याच जातीच्या इंजिनाची एक वरची रिंग पडून होती, नवी. पत्राबरोबर एक्स्प्रेसने पाठवतोय. ही एकच आहे, दुसरी नाही. हिची फट कमी असणार, चौथ्या सिलिंडरमध्ये मोजून चाळिसापर्यंत घासावी लागेल. कानस टेबलाच्या कडेच्या पकडीत, व्हाइसमध्ये, घट्ट धर आणि रिंग तिच्यावर फिरव, बाहेरून आत, एकाच दिशेने. दोन हात मारले की माप.

तुझा,
विलास

केलीव्हिल
१२ सप्टेंबर २०२१

विलासदादास सा. न. वि. वि.

ह्या वेळी 'ती.' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

रिंग दोन तारखेला आली. पाकीट उघडून ह्यांची दोन्ही पत्रं वाचली आणि तीन दिवस गॅरेजमध्ये पाय ठेवला नाही. देव पाण्यात घातले असते, हे खरं. आणि त्यांना ओढत डॉक्टरकडेही नेलं असतं. दोन्ही केलं असतं, दादा. पाच मिनिटांवर आहे दवाखाना. तुम्ही दोघांनी मला काय सोसेल ते ठरवलंत, मला न विचारता.

पाच तारखेला, रविवारी, नोएल यायच्या आदल्या दिवशी, अंघोळ करून बसले. फट बावीस होती. दोन हात, माप. दोन हात, माप. तिसाला उठून चहा केला. चहा घेताना ह्यांची पंच्याऐंशीची रिंग समोर होती. किती वेळ ते असे बसले असतील, बोटांना काही कळत नसताना, आणि मी आत पोळ्या लाटत होते. अडतिसाला थांबून देवाला निरांजन लावलं. संध्याकाळी पाचला चाळीस.

नोएलने मास्क लावून बाराच्या बारा पुन्हा मोजल्या. राग आला. त्याला काही बदलावं लागलं नाही. कुणी घासली विचारलं तेव्हा मी म्हटलं, माय हजबंड अँड मी. नो वरीज, लव्ह, म्हणाला आणि कामाला लागला. गुरुवारी इंजिन सुरू झालं. काल व्हॅन हॅरिस पार्कला गेली, एकशे बावन्न डबे. यंदा घरात सण नाही, तरी चित्रलेखाताईंनी त्या डब्यांसाठी केलेल्या मोदकांतले दोन दारात ठेवले आणि काचेतून हात जोडले.

आता गॅरेज रिकामं आहे. सकाळी एप्रन बांधला आणि मग आठवलं.

मी माफ केलेलं नाही, ते आपण भेटू तेव्हा बघू. पण तू अडुसष्ट वर्षांचा, एकटा, धक्क्यावर बसणारा, आणि तुझ्या तब्येतीचं मला आजवर 'बरी आहे' यापलीकडे काही माहीत नाही. ह्या आठवड्यात डॉक्टरकडे जा. रक्तदाब, साखर, बोटं बधिर होतात का, हे सगळं डॉक्टर लिहून देतील तो कागद पाठव. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. उलट टपाली कळव, मी दारातच आहे.

तुझीच,
श्यामला